विश्लेषण : पहिली बॅडमिंटन रॅकेट किती हजारांची असावी? '४यू', 'हेड हेवी', '३० पौंड'... या आकड्यांचा अर्थ काय?

गल्लीतल्या बॅडमिंटनमधून हॉलमध्ये पाऊल टाकताना पहिला प्रश्न येतो तो रॅकेटचा. खेळाडूच्या हातातली महागडी रॅकेट नवशिक्याला मदत करते की अडचणीत आणते? दुकानात जाण्यापूर्वी काय माहीत असावे?

थंडी पडली की छत्रपती संभाजीनगरच्या सिडको-हडकोतील गल्ल्यांमध्ये दोन खांबांना जाळी बांधली जाते. वर एखादा एलईडी दिवा लटकतो आणि रात्री उशिरापर्यंत फूल इकडून तिकडे उडत राहते. दोन रॅकेट आणि एक फूल असा काहीशे रुपयांचा सेट त्यासाठी पुरतो. मग कोणी तरी सुचवते, पोराचा हात चांगला आहे, त्याला हॉलला घाला. गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात किंवा एखाद्या खासगी कोर्टवर चौकशी होते, फी भरली जाते आणि पहिल्याच दिवशी प्रशिक्षक सांगतात, 'ही रॅकेट चालणार नाही, व्यवस्थित घ्या.'

'व्यवस्थित' म्हणजे काय, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. दुकानात भिंतीवर पन्नास रॅकेट टांगलेल्या असतात. दोन हजारांची आणि बारा हजारांची रॅकेट दुरून सारखीच दिसते. दांड्यावर '४यू', 'जी ५', 'स्टिफ', '३० एलबीएस' अशी अक्षरे असतात. घरचे म्हणतात, 'एकदाच काय ती चांगली घ्या, पुन्हा पुन्हा खर्च नको.' आणि घेतली जाते ती बहुधा एखाद्या नामवंत खेळाडूच्या हातात दिसलेली रॅकेट.

नेमके इथेच चुकते. पहिली रॅकेट उत्तम असण्यापेक्षा ती चुका पोटात घालणारी असणे जास्त महत्त्वाचे. ती तुलनेने स्वस्त असते, ही त्यातली आनंदाची बाब.

गल्लीतली रॅकेट हॉलमध्ये का चालत नाही?

सेटमध्ये मिळणाऱ्या रॅकेटचा दांडा पोलादाचा आणि फ्रेम पोलाद किंवा अॅल्युमिनियमची असते. त्यांचे वजन अनेकदा १०० ग्रॅमच्या पुढे जाते. फ्रेम आणि दांडा जिथे जोडलेले असतात तो सांधा काही महिन्यांत हलू लागतो. तारा, म्हणजे बोलीभाषेतले 'गटिंग', कारखान्यातूनच सैल आलेले असते आणि ते काढून नवे ताणून घेण्याइतकी ताकद फ्रेममध्ये नसते.

गल्लीत याचे काही बिघडत नाही. वाऱ्यात फूल तसेही भरकटते. हॉलमध्ये मात्र कोर्टची लांबी १३.४० मीटर असते. मागच्या रेषेवरून समोरच्या मागच्या रेषेपर्यंत शटल पोहोचवणे हा पहिल्या महिन्यातला धडा असतो. जड रॅकेट आणि सैल तारा घेऊन हा फटका मारताना मूल सगळा जोर खांद्यातून लावते. फटका तर नीट बसत नाहीच, वर चुकीची सवय लागते. ती सवय मोडायला नंतर वर्ष जाते.

म्हणून हॉलमध्ये जायचे तर संपूर्ण ग्रॅफाइटची, म्हणजे कार्बन तंतूंपासून बनवलेली रॅकेट हवी, हे प्रशिक्षकांचे म्हणणे बरोबर आहे. अशा रॅकेटची सुरुवात साधारण दीड-दोन हजार रुपयांपासून होते. योनेक्स, ली-निंग, व्हिक्टर या परदेशी कंपन्यांपासून कॉस्को, सिल्व्हर्स, हंड्रेड या भारतीय नावांपर्यंत पर्याय भरपूर आहेत. या टप्प्यावर कोणत्या कंपनीचे नाव आहे, यापेक्षा दांड्यावर काय लिहिले आहे, हे पाहणे जास्त उपयोगाचे.

'३यू', '४यू', '५यू' म्हणजे काय?

हे रॅकेटचे वजन. 'यू'च्या आधीचा आकडा जितका मोठा, तितकी रॅकेट हलकी. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पद्धतीनुसार ३यू म्हणजे ८५ ते ८९.९ ग्रॅम, ४यू म्हणजे ८० ते ८४.९ ग्रॅम आणि ५यू म्हणजे ७५ ते ७९.९ ग्रॅम. काही कंपन्या थेट ग्रॅममध्येच वजन लिहितात.

पाच ग्रॅमचा फरक तो काय, असे वाटेल. पण तासाभराच्या सरावात रॅकेट शेकडो वेळा डोक्यावरून फिरते. हाताच्या टोकाला, वेगाने फिरणाऱ्या वस्तूचे पाच ग्रॅम खांद्याला चांगलेच कळतात.

नवशिक्यासाठी ४यू हा मध्यम मार्ग आहे. शाळकरी मुले, मनगट नाजूक असलेले खेळाडू आणि चाळिशीनंतर तब्येतीसाठी डबल्स खेळू लागलेले यांना ५यू बरी पडते. त्याहून हलक्या रॅकेट हाताला सुखद वाटतात, मात्र शटलला रेटा देताना नवख्याला त्या कमी पडू शकतात. सात-आठ वर्षांखालील मुलांना मोठ्यांची रॅकेट देऊच नये. त्यांच्यासाठी कमी लांबीच्या ज्युनियर रॅकेट मिळतात.

वजन सारखे, तरी एक रॅकेट जड का वाटते?

कारण एकूण वजनाइतकेच ते कुठे आहे, यालाही महत्त्व असते. हातोडा दांड्याकडून धरून फिरवा आणि मग उलटा करून लोखंडाकडून धरून फिरवा. वजन तेच, पण दुसऱ्या वेळी तो अगदी सहज फिरतो. रॅकेटचेही तसेच आहे. वजन डोक्याकडे असेल तर ती 'हेड हेवी', मुठीकडे असेल तर 'हेड लाइट' आणि मध्ये असेल तर 'इव्हन बॅलन्स'.

हे तपासायला कोणतेही यंत्र लागत नाही. एका बोटावर रॅकेटचा दांडा आडवा ठेवून ती कुठे तोलते ते पाहा आणि मुठीच्या तळापासून त्या जागेपर्यंतचे अंतर मोजपट्टीने मोजा. प्रचलित ठोकताळा असा, की २८.५ सेंटिमीटरपेक्षा कमी अंतर म्हणजे हेड लाइट, २८.५ ते २९.५ म्हणजे इव्हन बॅलन्स आणि त्यापुढे हेड हेवी. गटिंग आणि ग्रिपमुळे हा आकडा थोडा मागेपुढे होतो. मुठीवर एक जादा ग्रिप गुंडाळली तरी वजन हाताकडे सरकते आणि रॅकेट चपळ वाटू लागते.

हेड हेवी रॅकेटने स्मॅश जोरात बसतो, हे खरे. पण ती जागेवर आणायला वेळ लागतो. समोरून अंगावर आलेले शटल परतवताना नवशिक्याची रॅकेट अजून वाटेतच असते. सुरुवातीला स्मॅशपेक्षा बचावाची, सर्व्हिसची आणि जाळीजवळच्या फटक्यांची वेळ जास्त येते. त्यामुळे पहिली रॅकेट इव्हन बॅलन्सची घ्यावी.

दांडा कडक हवा की लवचिक?

हा सगळ्यात दुर्लक्षित आणि तरीही सगळ्यात परिणाम करणारा मुद्दा. रॅकेट वेगाने फिरते तेव्हा दांडा किंचित मागे वाकतो आणि शटलला लागण्याच्या सुमारास सरळ होतो. या सरळ होण्यातून शटलला जादा वेग मिळतो.

कडक, म्हणजे 'स्टिफ' दांडा वाकवायला हाताचा वेगही तितकाच लागतो. वर्षानुवर्षे सराव केलेल्या खेळाडूकडे तो असतो आणि दांडा फार न वाकल्यामुळे त्याचा नेम अचूक राहतो. नवशिक्याच्या संथ हातात मात्र तोच दांडा वाकतच नाही. मग सगळी ताकद स्वतःची लावावी लागते. लवचिक, म्हणजे 'फ्लेक्सिबल' दांडा संथ हातालाही साथ देतो. 'मीडियम फ्लेक्स' असे लिहिलेली रॅकेटही चालेल. 'एक्स्ट्रा स्टिफ' लिहिलेली रॅकेट कितीही सवलतीत मिळाली, तरी नवशिक्याने तिच्या वाट्याला जाऊ नये.

बहुतेक महागड्या रॅकेट कडक दांड्याच्या आणि अनेकदा हेड हेवी असतात. म्हणजे बारा हजार मोजून नवशिक्या जी घेतो, ती त्याच्याकडून अधिक ताकद मागणारी आणि चुकीला कमी माफी देणारी रॅकेट असते. किंमत वाढली की सोय वाढते, हा मोबाइल फोनच्या बाबतीतला अनुभव इथे लागू पडत नाही.

'३० पौंड' लिहिलेली रॅकेट चांगली असते का?

दुकानात सर्वाधिक गैरसमज याच आकड्याचा. दांड्यावर किंवा मुठीजवळ लिहिलेला पौंडांचा आकडा बहुधा फ्रेम जास्तीत जास्त किती ताण सोसू शकते, हे सांगतो. तारा तितक्या ताणाव्यात, असा त्याचा अर्थ नाही. वाळूजमध्ये तयार होणाऱ्या दुचाकीच्या स्पीडोमीटरवर १६० आकडा असला, म्हणून कोणी जालना रोडवर त्या वेगाने गाडी हाकत नाही. त्यातलाच हा प्रकार.

ताण वाढवला की काय होते, हे समजायला घरातली बाज आठवावी. थोडी सैल विणलेली बाज अंग झेलते आणि वर उसळवते. गच्च ताणलेली बाज फळीसारखी कडक लागते. तारांचेही तसेच आहे. कमी ताणाच्या तारा शटल क्षणभर आत घेतात आणि बाहेर फेकतात, त्यामुळे कमी जोरातही शटल लांब जाते. जास्त ताणाच्या तारांवर नियंत्रण मिळते, पण जोर खेळाडूने लावायचा असतो. शिवाय जास्त ताणाच्या तारांवर फटका नीट बसण्याची मधली जागा लहान होते. शटल त्या जागेबाहेर लागले, की धक्का थेट कोपरात येतो.

नवशिक्याने २० ते २४ पौंडांच्या दरम्यान गटिंग करून घ्यावे. त्यातही २२ हा आकडा सुरुवातीला सोयीचा. आंतरराष्ट्रीय खेळाडू २८-३० पौंड किंवा त्याहून अधिक ताण वापरतात, कारण त्यांचे शटल दर वेळी तारांच्या मधोमध लागते. तारेची जाडीही पाहावी. ०.७० मिलिमीटरच्या आसपासची जाड तार जास्त टिकते. ०.६५ मिलिमीटरची बारीक तार फटक्याला छान आवाज देते, पण नवशिक्याच्या फ्रेमजवळ बसणाऱ्या फटक्यांनी लवकर तुटते.

चांगल्या तारेसह गटिंगला शहरात साधारण चारशे ते आठशे रुपये लागतात. करून घेताना 'किती पौंड' हे स्वतः सांगावे आणि बिलावर लिहून घ्यावे. 'करा तुमच्या हिशोबाने' असे म्हटले की हिशोब दुकानदाराचाच होतो.

मूठ जाड की बारीक?

मुठीचे माप 'जी' अक्षराने दाखवतात. बहुतेक कंपन्यांच्या पद्धतीत आकडा मोठा तशी मूठ बारीक, म्हणजे जी ५ ही जी ४ पेक्षा बारीक. काही कंपन्यांची मोजणी उलटी असते, म्हणून हातात धरूनच ठरवावे. शंका असेल तर बारीक मूठ घ्यावी. वरून ग्रिप गुंडाळून ती जाड करता येते, जाड मूठ मात्र बारीक करता येत नाही.

रॅकेट तव्याच्या दांड्यासारखी घट्ट धरायची नसते. कोणाशी हात मिळवताना बोटे जशी वळतात, तशी ती सैल धरायची आणि फटक्याच्या क्षणी बोटे आवळायची. फार जाड मुठीत हे जमत नाही. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात हाताला घाम सुटतो, ग्रिप ओली होते आणि खेळाडू नकळत रॅकेट आवळून धरतो. शंभर रुपयांच्या आतली ग्रिप वेळेवर बदलली, तर कोपराचे दुखणे बऱ्याचदा टळते.

मग स्टार खेळाडूंच्या रॅकेटचे काय?

मुंबईचा चिराग शेट्टी आणि त्याचा जोडीदार सात्विकसाईराज रंकिरेड्डी यांनी भारतीय बॅडमिंटनला गेल्या काही वर्षांत नवी उंची दिली. २०२२ मध्ये भारताने थॉमस चषक जिंकला तेव्हा ही जोडी संघात होती. २०२३ मध्ये त्यांनी हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले आणि जागतिक क्रमवारीत अव्वल स्थान गाठले. नागपूरच्या मालविका बनसोडने जानेवारी २०२२ मध्ये इंडिया ओपनमध्ये साईना नेहवालला हरवले. अशी नावे डोळ्यांसमोर असताना त्यांच्यासारखी रॅकेट हवीशी वाटणे स्वाभाविक आहे.

सात्विकच्या ताशी ५६५ किलोमीटर वेगाच्या स्मॅशची २०२३ मध्ये गिनेस बुकात नोंद झाली. तो वेग रॅकेटने दिला, असे जाहिरात पाहणाऱ्याला वाटू शकते. पण तीच रॅकेट नवख्याच्या हातात दिली तर शटल जाळीतही जाईल. वेग येतो तो पायांच्या ठेवणीतून, धडाच्या वळण्यातून आणि कोपराखालच्या हाताच्या फिरण्यातून. रॅकेट त्या साखळीतली शेवटची कडी आहे.

या खेळाशी महाराष्ट्राचे नाते तर जुने आहे. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या छावणीत ब्रिटिश अधिकारी हा खेळ खेळत आणि त्यावरून त्याला 'पूना' म्हटले जाई. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर यांनी १९५६ मध्ये क्वालालंपूरमधील सेलांगर आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली. परदेशातील आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिल्याच तुकडीत त्यांचे नाव होते. तो काळ लाकडी रॅकेटचा होता. लाकूड वाकू नये म्हणून खेळ संपला की रॅकेट चौकटीत आवळून ठेवावी लागे. आजची दोन हजारांची ग्रॅफाइट रॅकेट त्या रॅकेटपेक्षा कितीतरी हलकी आणि टिकाऊ आहे. नाटेकर मात्र ओळखले गेले ते मनगटाच्या नजाकतीसाठी.

'एकदाच चांगली घ्या' हा सल्ला चुकीचा का?

घरखर्चाचा विचार करता हा सल्ला शहाणपणाचा वाटतो. फ्रीज, पंखा, सायकल यांच्या बाबतीत तो बरोबरही आहे. रॅकेटच्या बाबतीत दोन कारणांनी तो फसतो.

पहिले कारण म्हणजे आपण कोणत्या धाटणीचे खेळाडू होणार, हे नवशिक्याला ठाऊक नसते. कोणी मागून स्मॅश मारणारा होतो, कोणी जाळीजवळ चपळ असतो, कोणी लांबलचक रॅली खेळून समोरच्याला दमवतो. प्रत्येकाची रॅकेट वेगळी. सहा महिने ते वर्षभर खेळल्याशिवाय हे कळत नाही. म्हणजे आज 'एकदाच' म्हणून घेतलेली महाग रॅकेट वर्षभराने बदलावीच लागण्याची शक्यता मोठी.

दुसरे कारण, पहिल्या रॅकेटचे हाल होतातच. डबल्स खेळताना जोडीदाराच्या रॅकेटवर ती आपटते, खाली जमिनीला लागते. ग्रॅफाइट ताणाला मजबूत असले तरी आपटल्यावर त्याला तडा जातो आणि तडा गेलेल्या फ्रेमची खात्रीलायक दुरुस्ती होत नाही. आपटून तुटलेल्या रॅकेटला कंपनीची वॉरंटीही सहसा मिळत नाही. अठराशेची रॅकेट तुटली तर हळहळ वाटते. दहा हजारांची तुटली तर घरात वाद होतो आणि मुलाचे खेळणेच बंद पडण्याची वेळ येते.

याची आणखी एक बाजू आहे. महाग रॅकेट घेऊन दिल्यावर मुलावर तिचे ओझे येते. 'एवढ्याची रॅकेट घेतली आणि अजून हरतोस?' हे वाक्य ज्या घरात एकदा उच्चारले जाते, तिथे खेळातली मजा लवकर संपते. उलट ज्या घरात महाग रॅकेट परवडत नाही, तिथल्या मुलाला हॉलमधल्या सहा-सहा रॅकेटच्या किटबॅग पाहून हा खेळ आपला नाही, असे वाटू लागते. दोन्हीकडे नुकसान खेळाचेच. दोन हजारांची योग्य रॅकेट घेऊन आलेले मूल पहिल्या वर्षी कोणाहून मागे नसते, हे पालकांना आणि मुलांना स्पष्ट सांगितले गेले पाहिजे.

पाच हजार रुपये असतील तर कसे वाटावेत?

बहुतेक घरांत पाच हजारांतले चार-साडेचार रॅकेटवर जातात आणि बूट जुनेच राहतात. ही वाटणी उलटी करायला हवी. दुकान आणि कंपनीनुसार दर बदलतील, पण अंदाजे हिशोब असा मांडता येईल:

- ग्रॅफाइट रॅकेट (४यू, इव्हन बॅलन्स, लवचिक दांडा) : १,८०० रुपये
- २२ पौंडांचे नवे गटिंग : ५०० रुपये
- नॉन-मार्किंग बॅडमिंटन बूट : १,७०० रुपये
- दोन-तीन ग्रिप : २०० रुपये
- नायलॉन शटल : ८०० रुपये

बुटांवर इतका खर्च कशासाठी? पळण्याचे बूट पुढे धावण्यासाठी बनवलेले असतात. त्यांची टाच उंच आणि मऊ असते. बॅडमिंटनमध्ये क्षणात डावीकडे-उजवीकडे झेपावे लागते, तेव्हा अशा बुटात घोटा मुरगळण्याचा धोका वाढतो. चुकीच्या रॅकेटमुळे गुण जातो. चुकीच्या बुटांमुळे माणूस महिनाभर घरी बसू शकतो.

शटलच्या बाबतीत शहराचे हवामानही लक्षात घ्यावे. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि मे महिन्यात पारा चाळिशीला भिडतो. उंचीवरची आणि तापलेली हवा विरळ असते, त्यामुळे शटल जास्त लांब उडते. अनेक नायलॉन शटलच्या बुडाशी रंगीत पट्टी असते. हिरवी म्हणजे संथ, निळी मध्यम आणि लाल वेगवान. इथल्या उन्हाळ्यात हिरवी पट्टी घ्यावी. नाही तर प्रत्येक फटका बाहेर जातो आणि दोष रॅकेटला दिला जातो. १६ पिसांचे खरे शटल उडायला सुंदर, पण त्यांचे दर चढे आहेत आणि नवशिक्याच्या हातात ते काही मिनिटांत फाटते. त्याची घाई नको.

दुकानात आणि ऑनलाइन काय काळजी घ्यावी?

रॅकेट दुकानातून घ्यायची असेल तर मोजपट्टी सोबत न्यावी. एकाच किमतीच्या तीन-चार रॅकेट हातात घेऊन डोक्यावरून फिरवून पाहाव्यात. एक हात मुठीवर आणि दुसरा फ्रेमच्या टोकाला धरून दांडा हलकेच वाकवून पाहिला, की लवचिक आणि कडक यांतला फरक लगेच कळतो. फ्रेमवर तडा किंवा खरवड नाही ना, तारा ज्या छिद्रांतून जातात त्यातली प्लास्टिकची बोंडे शाबूत आहेत ना, हेही पाहावे.

ऑनलाइन घेताना भरमसाट सवलत दिसली की थांबावे. नामांकित कंपन्यांच्या नकली रॅकेट बाजारात आहेत. अस्सल मालावरचा होलोग्राम, दांड्यावरचा क्रमांक आणि पक्के बिल या तीन गोष्टी असल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दोन हजारांखालच्या अनेक रॅकेट कारखान्यातून गटिंग करूनच येतात. ते गटिंग बहुधा सैल असते. सुरुवातीचे काही आठवडे त्यावर काढता येतात, पण नव्या गटिंगचे पैसे बाजूला ठेवावेत.

सर्वात चांगला उपाय म्हणजे घेण्यापूर्वी हॉलमधल्या दोन-तीन जणांच्या रॅकेट मागून दहा-दहा मिनिटे खेळून पाहणे. एखाद्या जुन्या खेळाडूची वापरलेली, तडा नसलेली रॅकेट निम्म्या किमतीत मिळत असेल तर तीही उत्तम. फक्त ती कडक दांड्याची नाही ना, याची खात्री करावी.

घेतल्यानंतर ती टिकावी कशी?

दुचाकीच्या डिकीत किंवा उन्हात उभ्या केलेल्या कारमध्ये रॅकेट ठेवू नये. उष्णतेने तारा ढिल्या पडतात. एक तार तुटली तरी बाकीच्या तारा लगेच मधून कापाव्यात, कारण एका बाजूला ताण राहिला तर फ्रेम वाकडी होते. तार तुटली नाही तरी काही महिन्यांनी तिचा ताण उतरतो. आठवड्यातून तीन-चार दिवस खेळणाऱ्याने वर्षातून तीन-चार वेळा गटिंग करावे, असा खेळाडूंमध्ये प्रचलित अंदाज आहे.

खांदा किंवा कोपर सलग दुखत असेल तर आधी तारांचा ताण दोन पौंडांनी कमी करून पाहावा, ग्रिप बदलावी. तरीही दुखणे थांबले नाही तर खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

रॅकेट बदलायची कधी?

मागच्या रेषेवरून शटल सहज पलीकडच्या मागच्या रेषेपर्यंत जाऊ लागले, फटका बहुतेक वेळा तारांच्या मध्यभागी बसू लागला आणि दांडा 'फार डुलतो' असे स्वतःला जाणवू लागले, की समजावे हात पुढे गेला आहे, आता रॅकेटही पुढची हवी. त्या वेळी तीन ते पाच हजारांची रॅकेट घेताना काय हवे, हे खेळाडूला स्वतःलाच सांगता येते. दुकानदाराला विचारावे लागत नाही.

हॉल आणि शाळा काय करू शकतात?

हा सगळा भार एकट्या पालकांवर टाकणे बरोबर नाही. प्रशिक्षण देणाऱ्या प्रत्येक हॉलने वेगवेगळ्या वजनाच्या आणि बॅलन्सच्या चार-पाच रॅकेट चाचणीसाठी ठेवल्या, तर पहिला महिना त्यावर काढून मग खरेदी करता येईल. मोठ्या खेळाडूंच्या जुन्या रॅकेट जमा करून नव्या मुलांना देणारे एक कपाट हॉलच्या कोपऱ्यात ठेवायला खर्च फारसा येत नाही. क्रीडा साहित्य खरेदी करणाऱ्या शाळांनी डझनाच्या भावात पोलादी रॅकेट घेण्याऐवजी निम्म्या संख्येने ग्रॅफाइट रॅकेट घेतल्या, तर त्या नव्याने गटिंग करून काही वर्षे वापरता येतील. आणि 'व्यवस्थित रॅकेट घ्या' म्हणणाऱ्या प्रशिक्षकांनी चिठ्ठीवर चार शब्द लिहून द्यावेत : ४यू, इव्हन, लवचिक, २२ पौंड. तेवढ्याने अनेक घरांचे काही हजार रुपये वाचतील आणि ते सरावाच्या फीसाठी उरतील.